बल, वस्तुमान आणि गती : घरच्या फळीवर आणि उसाच्या रस्त्यावर

भौतिकशास्त्र शिकायला घेतलं की बहुतेकांची गाडी एकाच समजुतीपाशी अडते. ढकलायचं थांबवलं की हातगाडा थांबतो, पेडल मारायचं सोडलं की सायकल हळूहळू उभी राहते. त्यावरून मनात पक्कं बसतं की गती चालू ठेवायला बल लागतं. ते तसं नाही. गाडा थांबतो, कारण घर्षणाचं बल उलट दिशेने त्याच्यावर सतत लागत असतं. घर्षण काढून टाकता आलं असतं तर तोच गाडा त्याच वेगाने सरळ जात राहिला असता. बलाचं काम एकच, वेग बदलणं: वाढवणं, कमी करणं किंवा दिशा वळवणं. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या तीन नियमांपैकी पहिला नियम हाच, आणि तो अंगात मुरेपर्यंत पुढची गणितं पाठ करण्यात काही अर्थ नाही.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आठवी ते दहावी मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांना घरी शिकवू पाहणाऱ्या पालकांसाठीही. सगळे प्रयोग घरात होतात. जमवायचं सामान असं: ० ते १० न्यूटनचा स्प्रिंग काटा, मीटरभर लांबीची सरळ फळी, चारही चाकं मोकळी फिरणारी छोटी गाडी, मोजपट्टी, दोरा, पंधरा-वीस एकसारखे वॉशर आणि व्हिडिओ काढणारा फोन. बेळगावात उद्यमबागेच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानांत वॉशर आणि लहान बेअरिंग सहज मिळतात. वॉशरचं वस्तुमान एकेक करून मोजू नका. किराणा दुकानातला काटा बहुधा ग्रॅम-दोन ग्रॅमखालचा फरक दाखवत नाही. वीस वॉशर एकदम ठेवा आणि आकड्याला वीसने भागा.

आधी वस्तुमान आणि वजन वेगळं करा

बाजारात आपण 'वजन किती?' विचारतो आणि उत्तर किलोत मिळतं. व्यवहाराला ते चालतं, भौतिकशास्त्रात चालत नाही. वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे आणि तिचा वेग बदलायला ती किती विरोध करते याचं माप, एकक किलोग्रॅम. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने खाली ओढते ते बल, एकक न्यूटन. दोघांना जोडणारा आकडा म्हणजे गुरुत्व त्वरण. पुस्तकात तो ९.८ मी/से² असतो. बेळगाव विषुववृत्तापासून सुमारे १६ अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असल्याने इथे तो ९.७८ च्या जवळ येतो. म्हणून १ किलो साखरेचं इथलं वजन ९.७८ न्यूटन. उलट बाजूने पाहिलं तर १ न्यूटन म्हणजे सुमारे १०२ ग्रॅमचं वजन. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, उत्तर बरोबर आहे का याचा अंदाज घ्यायला तो फार कामाला येतो.

दोन पारड्यांची तागडी एका बाजूचं वस्तुमान दुसऱ्या बाजूच्या वजनमापाशी ताडून पाहते. दोन्हीकडे गुरुत्व सारखंच, त्यामुळे तागडी चंद्रावर नेली तरी १ किलोला १ किलोच म्हणेल. स्प्रिंग काटा मात्र ओढ मोजतो. चंद्रावर तो साधारण सहावा हिस्सा दाखवेल. इलेक्ट्रॉनिक काटाही आतून बलच मोजतो आणि आकडा किलोत करून दाखवतो. म्हणून तो वापरायच्या जागीच प्रमाणित करावा लागतो. ध्रुवाजवळ लावलेला काटा तसाच बेळगावात आणला तर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कमी दाखवेल.

गती मोजायची सवय

सगळे वेग मीटर प्रति सेकंदात लिहा. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की झालं. बेळगाव ते खानापूर सुमारे २६ किमी. बसला ४० मिनिटं लागली तर सरासरी ताशी ३९ किमी, म्हणजे १०.८ मी/से. पण ही सरासरी आहे. थांब्यावर वेग शून्य होता, मोकळ्या रस्त्यावर सोळा-सतराही असेल. आपल्याला रस आहे तो वेग किती वेळात किती बदलला यात, आणि त्यालाच त्वरण म्हणतात. ५ सेकंदांत वेग ० वरून १० मी/से झाला तर त्वरण २ मी/से². ब्रेक लागला की ते ऋण. वेग तोच राहून नुसती दिशा बदलली तरी त्वरण आहेच, आणि घाटातल्या वळणापाशी ते चांगलंच महाग पडतं. त्याचा हिशोब पुढे येतो.

बलांचं चित्र: इथे घाई करायची नाही

ज्यांची गणितं चुकतात त्यांच्या वह्या पाहिल्या तर चूक आकडेमोडीत क्वचित सापडते. चित्रच काढलेलं नसतं किंवा अर्धवट काढलेलं असतं. क्रम असा ठेवा. प्रश्नातली एकच वस्तू निवडा आणि तिच्याजागी एक ठिपका काढा. मग विचारा, हिला कोणकोण स्पर्श करतंय? जमीन, दोरी, हात, हवा. प्रत्येक स्पर्शासाठी एक बाण. स्पर्शाशिवाय लागणारं बल इथे एकच, पृथ्वीची ओढ, तिचा बाण सरळ खाली. बस्स. 'गतीचं बल' किंवा 'पुढे जाण्याचं बल' म्हणून बाण काढायचा मोह होतो. प्रत्येक बाणापुढे 'हे बल कोण लावतंय?' असं लिहा, आणि ज्याला धनी सापडत नाही तो बाण खोडा.

हवेत वर फेकलेला चेंडू घ्या. हातातून सुटल्यावर त्याला फक्त हवा स्पर्श करते. वर जाताना, सर्वात वरच्या बिंदूवर आणि खाली येताना, तिन्ही वेळी मुख्य बाण एकच: खाली, पृथ्वीचा. हाताचं बल हातातून सुटताक्षणी संपलं. वरच्या टोकाला क्षणभर वेग शून्य होतो म्हणून तिथे त्वरणही शून्य, असं लिहिणारे पुष्कळ. तिथेही त्वरण ९.७८ च आहे. ते शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

बाण काढून झाले की दिशेनुसार त्यांची बेरीज-वजाबाकी करा. उरतं ते निव्वळ बल. त्याला वस्तुमानाने भागलं की त्वरण मिळतं. बल = वस्तुमान × त्वरण हे सूत्र निव्वळ बलासाठीच आहे. कुठलंही एखादं बल उचलून त्यात घालायचं नाही.

फळीवरचा प्रयोग

टेबलावर फळी ठेवा, तिच्या टोकाला बेअरिंग किंवा खिळ्यावर मोकळी फिरणारी बॉबिन बसवा. गाडीला बांधलेला दोरा त्यावरून खाली सोडून टोकाला वॉशर अडकवा. गाडी आणि सगळे वॉशर मिळून वस्तुमान ५५० ग्रॅम होईल असं जमवा, कमी पडलं तर गाडीत वाळूची पुडी ठेवा.

आधी घर्षणाची भरपाई. दोरा न लावता फळीचं मागचं टोक थोडं उचला, मीटरभर फळीला साधारण १ ते ३ सेंमी. गाडीला हलकेच टोकलं की ती न थांबता, वेग न वाढवता जायला हवी. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. एवढी एक पायरी टाळली की नंतर सगळेच आकडे कमी येतात आणि दोष सूत्राच्या माथी जातो.

आता दोऱ्याला २० ग्रॅमचे वॉशर लावा, बाकीचे गाडीत राहू द्या. ६० सेंमी अंतर कापायला किती वेळ लागतो ते व्हिडिओतल्या फ्रेम मोजून काढा. नंतर गाडीतले वॉशर काढून दोऱ्यावर टाका, ४० ग्रॅम, मग ६० ग्रॅम. वॉशर गाडीतूनच घ्यायचे, बाहेरून नाही, कारण लोंबणारे वॉशरही गाडीबरोबर वेग घेतात आणि त्यांचं वस्तुमानही एकूणात धरावं लागतं. असं केलं की एकूण ५५० ग्रॅम कायम राहतं, फक्त बल बदलतं. हिशोबाने येणारे आकडे असे:

२० ग्रॅम : बल ०.१९६ न्यूटन, त्वरण ०.३६ मी/से², वेळ १.८४ सेकंद
४० ग्रॅम : बल ०.३९१ न्यूटन, त्वरण ०.७१ मी/से², वेळ १.३० सेकंद
६० ग्रॅम : बल ०.५८७ न्यूटन, त्वरण १.०७ मी/से², वेळ १.०६ सेकंद

बल तिप्पट झालं, त्वरण तिप्पट झालं. वेळ मात्र एक तृतीयांश होत नाही, कारण अंतर वेळेच्या वर्गावर अवलंबून असतं. आता गाडीत आणखी ५५० ग्रॅम टाका. वस्तुमान वाढलं की चाकांवरचं घर्षणही वाढतं, पण उताराची ओढ त्याच पटीत वाढते, म्हणून भरपाई सहसा तशीच चालते. तरी एकदा तपासून घ्या. दोऱ्याला ४० ग्रॅम लावा: वेळ पुन्हा १.८४ सेकंदांच्या आसपास येतो. वस्तुमान दुप्पट, त्वरण निम्मं.

तुमचा वेळ पाच-सात टक्के इकडेतिकडे गेला तर चिंता नको. त्याहून जास्त फरक आला तर या गोष्टी बघा. दोरा फळीला समांतर आहे का? तिरपा असेल तर ओढ वाया जाते. गाडी सोडताना हाताने पुढे टोकली का? ती मागून धरू नका, पुढे पट्टी आडवी लावा आणि पट्टी वर उचला. टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं, म्हणून ६० सेंमीहून लांब अंतर घेतलं तर वॉशर आधी जमिनीला टेकतात आणि शेवटचा भाग बलाशिवायच जातो. आणि स्टॉपवॉचवर विसंबू नका. माणसाचा हात हलायला साधारण ०.२ सेकंद जातात, १.०६ सेकंदांच्या मोजणीत ती फार मोठी चूक ठरते.

घर्षण

फळी आता आडवी ठेवा. २ किलोचा लाकडी खोका, म्हणजे रिकाम्या खोक्यात शहाबादी फरशीचे तुकडे टाकून २ किलो केलेला, स्प्रिंग काट्याने हळू ओढा. खोका हलेपर्यंत काट्यावरचा आकडा वाढत जातो, हलला की एकदम थोडा खाली येतो. समजा हलण्याआधी ८ न्यूटन आणि सरकताना ६ न्यूटन आले. खोक्याचं वजन १९.५६ न्यूटन. ओढीच्या बलाला वजनाने भागलं की हलण्याआधीचा, म्हणजे स्थितिक घर्षणगुणांक ०.४१ आणि सरकतानाचा, म्हणजे गतिज घर्षणगुणांक ०.३१. हलण्याआधी ३ न्यूटनने ओढलं तर घर्षणही ३ न्यूटनच असतं, ८ नव्हे. घर्षण लागेल तेवढंच उभं राहतं, आपल्या कमाल मर्यादेपर्यंत.

काटा नसेल तर फळी एका बाजूने उचलत जा. खोका सरकायला लागला की थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरचं आडवं अंतर, हाच स्थितिक घर्षणगुणांक. उंची ३७ सेंमी आणि आडवं अंतर ९३ सेंमी आलं तर ०.४. आडवं अंतर म्हणजे फळीची लांबी नव्हे, इथे खूपजण फसतात. फळीवर धूळ असेल तर आकडा दर वेळी वेगळा येतो, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

उसाची ट्रॉली, आणि तिसरा नियम

गळीत हंगामात संकेश्वर, निपाणी रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रोजच्या दिसतात. हिशोबासाठी ट्रॅक्टर २,५०० किलो आणि भरलेल्या ट्रॉल्या १७,५०० किलो धरा, एकूण २० टन. चाकांच्या लोळणीचं घर्षण वजनाच्या २ टक्के धरा. ट्रॅक्टर २० सेकंदांत ताशी १८ किमी, म्हणजे ५ मी/से वेग घेतो, तेव्हा त्वरण ०.२५ मी/से².

निव्वळ बल हवं २०,००० × ०.२५ = ५,००० न्यूटन. घर्षण ३,९१२ न्यूटन. म्हणून रस्त्याने मागच्या टायरला पुढे ढकलायला हवं ८,९१२ न्यूटन. हो, रस्त्याने. टायर रस्त्याला मागे ढकलतो आणि रस्ता टायरला तेवढ्याच बलाने पुढे. हाच तिसरा नियम: प्रत्येक क्रियेला तितकीच, उलट दिशेची प्रतिक्रिया असते. चिखलात टायर नुसता फिरतो तेव्हा इंजिन दमलेलं नसतं, रस्ता पुढे ढकलायला तयार नसतो.

एकदा ताशी १८ वर स्थिर झाल्यावर? निव्वळ बल शून्य. रस्त्याचं बल ३,९१२ पुढे, घर्षण ३,९१२ मागे. ट्रॅक्टर तरीही चालतोच आहे. पहिल्या नियमाचा याहून चांगला दाखला शोधायला नको.

आता नेहमीचा प्रश्न. ट्रॅक्टर ट्रॉलीला जितक्या बलाने पुढे ओढतो तितक्याच बलाने ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते, मग गाडा हलतो कसा? दोन वेगळी चित्रं काढा. वेग घेताना हुकातला ताण ट्रॉल्यांपुरता: ४,३७५ + ३,४२३ = ७,७९८ न्यूटन. ट्रॉल्यांच्या चित्रात पुढे ७,७९८, मागे घर्षण ३,४२३, उरले ४,३७५, ट्रॉल्या पुढे. ट्रॅक्टरच्या चित्रात पुढे रस्त्याचे ८,९१२, मागे ट्रॉलीचे ७,७९८ आणि स्वतःच्या चाकांचे ४८९, उरले ६२५. भागिले २,५०० किलो, बरोबर ०.२५ मी/से². क्रिया आणि प्रतिक्रिया कधीच एका वस्तूवर नसतात, म्हणून त्या एकमेकींना खाऊ शकत नाहीत. रस्सीखेचीतही दोरीचा ताण दोन्हीकडे सारखाच असतो. जिंकतो तो ज्याचे पाय जमिनीला जास्त घट्ट धरतात.

याच जागी आणखी एक चूक नेहमी होते. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं वर ढकलणं ही जोडी तिसऱ्या नियमाची म्हणून सांगितली जाते. दोन्ही बलं पुस्तकावरच लागतात, तेव्हा ती जोडी नाहीच. पुस्तकाच्या वजनाची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणं.

रस्ता वीसास एक, म्हणजे वीस मीटरला एक मीटर, असा चढला तर नुसत्या चढासाठी आणखी ९,७८० न्यूटन लागतात, आणि चढावरच थांबून पुन्हा निघायचं तर एकूण सुमारे १८,७०० न्यूटन. झटक्यात क्लच सोडला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात ती इथेच. रस्ता टायरला जमिनीलगत पुढे ढकलतो, हुक मात्र जमिनीपासून वर मागे ओढतो, आणि ही दोन बलं मिळून ट्रॅक्टरला मागे कलंडवतात. हुक जितका उंच तितका धोका जास्त. साखळी कधीही मागच्या आसाच्या वर बांधू नये.

ब्रेक आणि वळण

कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणगुणांक ०.७ आणि ओल्यावर ०.४ धरा. चाक न घसरता जास्तीत जास्त ब्रेक लागला तर थांबायचं अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × गुणांक × ९.७८). ताशी ५४ किमी म्हणजे १५ मी/से. कोरड्यावर १६.४ मीटर, ओल्यावर २८.८ मीटर. त्यात चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदाचे १५ मीटर मिळवा. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट. सूत्रात वस्तुमान नाही: भरलेल्या बसवर घर्षणही जास्त, थांबवायचं वस्तुमानही जास्त, दोन्ही सारख्या पटीत. पण ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता वस्तुमानाबरोबर वाढते. म्हणून भरलेली गाडी चोर्ला घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवावी लागते.

वळणावर त्वरण आतल्या बाजूला असतं, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. २० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ओल्या रस्त्याला ताशी ३२ किमी ही मर्यादा, कोरड्याला ४२. त्यापुढे घर्षण पुरत नाही आणि गाडी सरळ जाऊ पाहते. प्रवासी बाहेर फेकला जातो असं वाटतं, पण बाहेर ढकलणारं कोणी नाही. त्याचं शरीर सरळ चाललेलं असतं आणि गाडी त्याच्याखालून वळते.

थांबवायचा वेळ वाढवला की बल कमी होतं, हे वडगाव-शहापूरच्या मागावर रोज दिसतं. समजा ०.४ किलोचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग, १२ मी/से वेगाने टोकाच्या पेटीत येतो. तो ०.०२ सेकंदात थांबला तर सरासरी बल २४० न्यूटन, ०.००५ सेकंदात थांबला तर ९६० न्यूटन. धक्का मऊ करणारं पेटीतलं चामडं झिजलं की धोटा आणि पेटी दोन्ही लवकर जातात, ते यामुळेच.

पडणं, आणि लिफ्टमधला काटा

गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंच. हवेचा विरोध सोडला तर वरून सुटलेलं पाणी ३.२६ सेकंदांत खाली पोचेल आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ११५ किमी असेल. प्रत्यक्षात पाणी फुटून तुषार होतात आणि लहान थेंबांना हवा फार अडवते, म्हणून खालचं पाणी बरंच हळू येतं. घरी करायचं तर ३ मीटर उंचीवरून दगड सोडा, खाली कोणी नाही हे पाहून. वेळ ०.७८ सेकंद, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत साधारण २३ ते २४ फ्रेम. लहान दगड आणि मोठा दगड एकत्र सोडले तर एकत्रच पोचतात: मोठ्यावर ओढ जास्त, पण वस्तुमानही तितक्याच पटीत जास्त.

लिफ्ट असलेल्या इमारतीत घरचा वजनकाटा घेऊन उभे राहा. ५० किलोचा माणूस आणि वर निघताना लिफ्टचं त्वरण १ मी/से² असेल, तर पायाखालचा काटा स्थिर असतानाच्या ४८९ न्यूटनऐवजी ५३९ न्यूटनचं बल सोसतो. ५३९ न्यूटन म्हणजे काट्यावर ५५.१ किलो. मध्ये एकसारख्या वेगाने जाताना पुन्हा ५०. वरच्या मजल्याशी थांबायला वेग कमी करताना, तेवढ्याच त्वरणाला, ४४.९. आकडा दोनच वेळा हलतो, सुटताना आणि थांबताना. हे तीन आकडे आधी वहीत काढा, बलांचं चित्र काढून, आणि मगच लिफ्टमध्ये जा. काटा डिजिटल असेल तर तो बहुधा आकडा गोठवून ठेवतो, म्हणून या कामाला काट्याची सुई फिरणारा जुना प्रकारच घ्या.